निवडण

"बिडवे मॅडम, तुमच्याच पोरीच्या मनगटानं आपला माणूस आत बसवला की हो!"

नदाफ वकील दार न वाजवता केबिनमध्ये शिरले, तेव्हाच हेमलता बिडवेंना कळलं, की आज काही खरं नाही. एरवी हा गृहस्थ इतका अदबशीर, की दारातनं आत येताना चपला बाहेर काढू का, असं विचारील. आज त्यांनी हातातला टॅब टेबलावर जवळजवळ आपटलाच. पडद्यावर लाल रंगात एकच आकडा होता. एक्याऐंशी.

"कोणाचा?" हेमलतांनी विचारलं.

"रंगनाथ अवघडे. बँडवाला. सोमवारी जामिनाची सुनावणी आहे. साठाच्या वर आकडा गेला, की न्यायाधीश फाइल उघडतसुद्धा नाहीत, तुम्हाला माहितीये. आणि हा एक्याऐंशी!"

हेमलता ज्या कार्यालयात पर्यवेक्षक होत्या, तो जिल्ह्याचा बचाव कक्ष. ज्याला वकील परवडत नाही, त्याचा खटला इथं फुकट लढवला जाई. वकील कायद्याचं बघत. आणि आरोपी कोण, कुठला, त्याच्या मागं घरी कोण आहे, तो सुटला तर कुठं जाईल, हे शोधायला सोशल वर्कर तुरुंगात जात, वस्त्यांवर जात आणि अहवाल लिहीत. त्या पाच-सहा सोशल वर्करांना सांभाळणं, हे हेमलतांचं काम. सांभाळणं म्हणजे नुसत्या सह्या करणं नव्हे बरं का. दिवसभर दुसऱ्यांची दुःखं उपसून आलेल्या माणसाला रात्री नीट झोप लागेल, एवढं बघणं.

रंगनाथला भेटली होती शर्वरी धुमाळ. सगळ्यांत धाकटी, सगळ्यांत मेहनती. लग्नाला दोन वर्षं झालेली. नवरा अभिजित कोर्टातच बेंच क्लार्क. न्यायाधीशांच्या पुढ्यात बसून कामकाज टिपून घेणारा, हसतमुख, कक्षात डोकावला की सगळ्यांना चहा सांगणारा. शर्वरीला बोलावलं, तर ती आकडा बघून पांढरीच पडली.

"मॅडम, मला त्याची भीती नाही वाटली हो! चांगला माणूस आहे. अर्धा वेळ तर तो त्याच्या वडिलांबद्दलच बोलत होता."

"मग हे काय आहे?" नदाफ म्हणाले.

शर्वरीनं आपल्या डाव्या मनगटाकडे असं पाहिलं, जणू ते दुसऱ्या कुणाचं तरी आहे.

तिच्या मनगटावर होता पट्टा. सरकारी नाव लांबलचक होतं, पण सगळे पट्टाच म्हणत. त्यामागचं विज्ञान तसं सरळ होतं. अनुभवी माणूस समोरच्याला बघून म्हणतो, "काहीतरी खटकतंय." काय खटकतंय ते त्याला सांगता येत नाही, पण त्याच्या शरीराला ते आधीच कळलेलं असतं. तळव्याला किंचित घाम सुटतो, काळजाच्या ठोक्या-ठोक्यांतलं अंतर बदलतं, मनगटाचे स्नायू बारीकसे आवळतात. काही संशोधकांनी तुरुंगांत आयुष्य घालवलेल्या जुन्याजाणत्या सोशल वर्करांना असे पट्टे बांधले, वर्षानुवर्षं मोजमापं घेतली, आणि ज्यांना ते भेटले ते आरोपी पुढे कसे वागले, याचा माग ठेवला. निकाल बघून त्यांनी तोंडात बोटं घातली. अहवालात "सालस" लिहिलेला माणूस पट्ट्यावर लाल दिसला असेल, तर तो पुन्हा कुणावर तरी हात उगारण्याची शक्यता फार मोठी. कागदापेक्षा कातडी जास्त खरं बोलत होती.

मग काय, कोर्टांनी तो उचलून धरला. मारहाणीच्या, खुनी हल्ल्याच्या गुन्ह्यात जामिनाआधी पट्ट्याचा आकडा सक्तीचा झाला. तोही पहिल्याच भेटीतला, कारण दुसऱ्या भेटीपर्यंत शरीर सरावतं. ज्या मुली आरोपीच्या बाजूनं उभ्या राहायच्या, त्यांच्याच घामाचा त्याच्याविरुद्ध पुरावा झाला. हेमलतांनी तेव्हा पुष्कळ आरडाओरडा केला होता. जुन्याजाणत्यांच्या कातडीवरून शिकलेलं यंत्र तुम्ही पंचविशीतल्या पोरींच्या मनगटावर बांधताय, असं त्या म्हणाल्या होत्या. आणि वजनकाटा वजन सांगतो, पोत्यात काय आहे ते सांगत नाही, हेही. कमिटीतल्या साहेबांनी मान डोलावली, चहा पाजला आणि नियम जसाच्या तसा छापला.

एक गोष्ट मात्र त्यांनी भांडून मिळवली. पर्यवेक्षणाच्या खोलीत पट्टा येणार नाही.

त्या खोलीतल्या तासाला कक्षात निवडण म्हणत. नाव हेमलतांचंच. दर मंगळवारी एकेक सोशल वर्कर येई, पट्टा काढून दाराबाहेरच्या खणात ठेवी, आणि दोघी मध्ये ताट घेऊन बसत. कधी तांदूळ, कधी मटकी, बहुतेक वेळा गवार. हात कामात आणि नजर ताटात असली, की जीभ सुटते, हे हेमलता आपल्या आईच्या ओसरीवर शिकल्या होत्या. शेंगा मोडता मोडता पोरी बोलत. अमक्याचा राग आला. तमकीच्या घरून आल्यापासून जेवणच जात नाही. आणि हेमलता दर वेळी एकच प्रश्न विचारत: "हे कुणाचं?" हा राग त्या माणसानं तुला आणून दिला, की तू घरून घेऊन गेली होतीस? त्याचं त्याला, तुझं तुला. खडा बाजूला काढायचा, दाणा ठेवायचा. एवढंच ते काम, पण त्यावर माणसांची आयुष्यं तोलली जात.

त्या दिवशी मंगळवार नव्हता. तरी हेमलतांनी गवार मागवली.

भेटीचं ध्वनिमुद्रण लावलं. शेजारी टॅबवर आलेख सरकू लागला. रंगनाथचा आवाज खरखरीत, थकलेला होता. वरात चालली होती. नवरदेवाचा मामा दारू पिऊन तर्र. तेच गाणं परत वाजव म्हणून त्यानं क्लॅरिनेट ओढली, हा सोडीना, झटापट झाली, मामा गटाराच्या कठड्यावर आपटला. डोक्याला खोक पडली. गुन्हा लागला खुनाच्या प्रयत्नाचा. शर्वरी मधूनमधून "मग दादा?" म्हणत होती. आलेख जमिनीला टेकलेला, अगदी शांत.

"...वडलांचं अंग गेलंय ताई. घास बी मलाच भरवावा लागतो. आता शेजारीण बघती, पर ती तरी किती दिस बघंल?"

आणि मग आवाज आला. कट्. थोड्या वेळानं पुन्हा, कट्. आलेख झेपावला तो वरच्या कडेला जाऊन भिडला.

"हा आवाज कसला गं?"

"बोटं मोडत होता तो." शर्वरी ताटात बघत म्हणाली. "क्लॅरिनेट वाजवतो ना. आत वाद्य नाही, म्हणून बोटं आखडतात म्हणाला. मी अहवालातही लिहिलंय. सरकारी वकिलांनी त्याचा अर्थ काढलाय, की मामाच्या नावानं बोटं मोडत होता."

"तो वकील काय, लग्नाच्या पत्रिकेतसुद्धा कट शोधील," हेमलता म्हणाल्या. शर्वरी हसली नाही.

हेमलतांनी हातातली शेंग खाली ठेवली, उजव्या हाताचं मधलं बोट धरलं आणि मोडलं.

कट्.

शर्वरीचा हात कानाशी गेला. नुसता गेला नाही, डोकं झाकायला जातो तसा गेला, कोपर वर, मान आत. गवारीच्या शेंगा मांडीवरनं खाली सांडल्या. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या, आणि शर्वरीच्या लक्षात आलं, की मॅडमना कळलं.

"शर्वरी, हे कुणाचं?"

ती बराच वेळ सांडलेल्या शेंगा गोळा करत राहिली.

"तो ओरडत नाही, मॅडम," ती शेवटी म्हणाली. "कधीच नाही. दाराला कडी घालतो, पलंगावर बसतो आणि बोटं मोडतो. एकेक करून. माझ्याकडे बघत. सगळी मोडून झाली, की उठतो."

तो चहा सांगणारा, हसणारा पोरगा! अरे देवा. किती वेळा आपण त्याला "जावईबापू" म्हणून चिडवलं असेल.

"घरी सांगितलंस?"

"आईला सांगितलं. ती म्हणाली, पहिली दोन वर्षं असं असतंच." शर्वरीनं नाक पुसलं. "मॅडम, हे इथंच राहील ना?"

"इथंच राहील," हेमलता म्हणाल्या. या खोलीत त्या हे नेहमीच म्हणत आल्या होत्या, म्हणून विचार न करता म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्या स्वतः तुरुंगात गेल्या. रंगनाथ जाळीपलीकडे येऊन उभा राहिला. चाळिशीचा, वाळका, हातांची लांब बोटं एकमेकांत गुंतवलेली.

"मॅडम, त्या ताईस्नी मी काय वंगाळ बोललो का?" त्यानं आधी तेच विचारलं. "वकीलसाहेब म्हणले, त्यांस्नी माझं भ्या वाटलं. मी लई इचार केला बगा. काय बोललो आसंन? पोरीसारखी हाय ती मला. चुकलं आसंल तर माफी सांगा."

"तुमचं काही चुकलं नाही."

"मग?"

या 'मग'चं उत्तर होतं, पण ते निवडणाच्या खोलीतच राहील, असा शब्द दिलेला होता. त्यांनी वडिलांची चौकशी केली. शेजारीण म्हणे आता फक्त रविवारपर्यंत थांबणार होती, तिच्या मुलीचं बाळंतपण आलं होतं. म्हातारा दुसऱ्या कुणाच्या हातून तोंड उघडत नव्हता. रंगनाथ हे सांगताना रडला नाही. नुसती बोटं ओढत राहिला, कट्, कट्, आणि हेमलतांना तो आवाज आता वेगळाच ऐकू येऊ लागला. आपल्याही अंगावर काटा येतो, हे त्यांच्या लक्षात आलं, आणि त्या स्वतःवरच चिडल्या.

नदाफांनी कायदा सांगितला. फेरमोजणी नाही. दुसरी भेट धरत नाहीत. एकच वाट, ती भीती आरोपीची नव्हे, दुसरीकडून आलेली आहे, असं पर्यवेक्षकांनी उभं राहून दाखवायचं. "दाखवायचं, मॅडम. नुसतं म्हणून भागणार नाही."

हेमलतांनी शर्वरीला विचारलं. नाही असं नाही, विचारलं. तिला जिन्यात गाठून, हात धरून.

"मी नोकरी सोडते," शर्वरी म्हणाली. "अहवालात मी चुकले असं लिहून देते. काहीही करते. पण ते सांगू नका. त्याच कोर्टात बसतो तो, मॅडम! त्याच्या समोर सांगणार तुम्ही?"

"आणि रंगनाथचे वडील?"

शर्वरीच्या डोळ्यांत पाणी आलं. "मला माहितीये. मीच तर गेले होते त्यांच्या घरी," ती म्हणाली आणि जिना उतरून गेली.

सोमवारी कोर्ट भरलं. न्यायाधीश बाई कडक, पण कामाशी प्रामाणिक. त्यांच्या पुढ्यात, खालच्या टेबलाशी अभिजित, कीबोर्डवर बोटं ठेवून. हेमलता आत आल्या तेव्हा तो ओळखीचं हसला. तिसऱ्या बाकावर शर्वरी. नियमानं मोजणाऱ्यानं सुनावणीला पट्टा बांधूनच बसायचं असे, आणि त्याचा चालू आकडा भिंतीवरच्या पडद्यावर दिसत असे. तेवीस होता.

"हा एक्याऐंशी आकडा आरोपीचा नाही," हेमलता साक्षीच्या पिंजऱ्यातून म्हणाल्या.

"मग कुणाचा?" न्यायाधीशांनी विचारलं.

आयुष्यभर हेमलतांनी दुसऱ्यांना विचारलेला प्रश्न आज समोरून आला होता. "ते मला सांगता येणार नाही. पर्यवेक्षणात कळलेली गोष्ट आहे."

सरकारी वकील उठले. "वा! म्हणजे प्रत्येक लाल आकड्याला यांनी 'आरोपीचा नाही' म्हणायचं आणि कोर्टानं मान डोलवायची." आणि खरं सांगायचं तर त्यांचंही काही चूक नव्हतं.

नदाफांनी मुद्रण लावायला लावलं. रंगनाथचा आवाज आला, वडील, घास, शेजारीण. मग कट्. पडद्यावरचा आकडा तेविसावरून उसळून सत्तरीपार गेला.

"बघा!" सरकारी वकील म्हणाले. "नुसता आवाज ऐकून ही गत. आरोपीचीच दहशत आहे ही."

आरोपीच्या जागी रंगनाथनं मान खाली घातली. नदाफांनी हेमलतांकडे पाहिलं.

"बिडवे बाई, पुरावा असेल तर द्या," न्यायाधीश म्हणाल्या. "नसेल तर मला पुढचं काम आहे."

हेमलतांनी शर्वरीकडे पाहिलं. शर्वरीला कळलं. तिनं मान हलवली, अगदी थोडी. नको.

मी एक शब्द बोलणार नाही, हेमलतांनी मनाशी म्हटलं. शब्द दिलाय, शब्द पाळीन. त्यांनी पडद्यावरचा आकडा पुन्हा खाली यायची वाट पाहिली. मग दोन्ही हात पिंजऱ्यातल्या माइकपाशी नेले, एक बोट धरलं आणि मोडलं. मग दुसरं. मग तिसरं.

आकडा चढत गेला. सत्तर. एक्याऐंशी. नव्वद. तिसऱ्या बाकावर शर्वरीचं कोपर वर गेलं आणि मान आत गेली, सगळ्या कोर्टासमोर.

"बोटं मी मोडली," हेमलता म्हणाल्या. "आरोपीनं नाही. कुणीही मोडली तरी हेच होईल."

तेवढ्या शांततेत एक आवाज थांबल्याचं सगळ्यांना ऐकू आलं. कीबोर्डचा. अभिजितनं हात उचलले, स्वतःच्या बोटांकडे क्षणभर पाहिलं आणि सावकाश ते टेबलाखाली घेतले.

न्यायाधीशांनी खाली त्याच्याकडे पाहिलं. मग शर्वरीकडे. "समजलं," त्या म्हणाल्या आणि जामीन मंजूर केला.

बाहेर व्हरांड्यात शर्वरी भिंतीला टेकून उभी होती.

"तुम्ही काहीच बोलला नाहीत, मॅडम," ती म्हणाली. "शब्द पाळलात."

तिच्या आवाजात राग असता, तर हेमलतांना बरं वाटलं असतं.

"आज घरी जायचं नाही. माझ्याकडे चल."

ती आली. चार दिवस राहिली, मग वर्किंग वुमेन्स हॉस्टेलवर गेली. तक्रार करायला तयार झाली नाही. अभिजितची दुसऱ्या तालुक्याला बदली झाली. त्याचे फोन येत. ती उचलत नसे, पण फोन वाजायचा थांबेपर्यंत हातातलं काम सोडून बसून राही. सुटली बिचारी, असं कक्षातले लोक म्हणत. हेमलताही म्हणत, मोठ्यानं.

रंगनाथ घरी गेला. म्हाताऱ्यानं त्याच्या हातून पेज घेतली. आठवड्यानं तो कक्षात पाया पडायला आला, नदाफांच्या, हेमलतांच्या. शर्वरी समोर आली, तसे त्यानं दोन्ही हात झटकन पाठीमागे लपवले आणि तसाच वाकून नमस्कार केला. कोर्टात त्यानंही ते पाहिलंच होतं. आता काय, सगळ्या कोर्टालाच माहीत होतं. शर्वरी "बरे आहात ना दादा?" म्हणाली आणि आत निघून गेली.

महिन्याभरानं न्यायाधीशांचा सविस्तर आदेश आला. हेमलतांचं त्यात कौतुक होतं. पट्ट्यातली मोठी उणीव त्यांनी दाखवून दिली, असं लिहिलं होतं. भीती किती हे यंत्राला कळतं, कुणाची हे कळत नाही. ते कळतं एकाच ठिकाणी, पर्यवेक्षणाच्या खोलीत. म्हणून यापुढे न्यायाच्या हितासाठी पर्यवेक्षणही पट्टे बांधूनच व्हावं, दोघांच्याही मनगटावर, आणि त्याचं मुद्रण कोर्टाला उपलब्ध असावं. म्हणजे खासगी कारणं वेगळी काढता येतील. वेगळी काढणं, निवडणं. कुणी फुकट सुटणार नाही, कुणी उगाच अडकणार नाही.

नदाफ म्हणाले, "मॅडम, यातनं आणखी दहा रंगनाथ सुटतील बघा." सुटलेही असतील.

आदेशानंतरचा चौथा मंगळवार आला. दाराबाहेरचा खण काढून टाकला होता, भिंतीवर त्याची चौकोनी खूण तेवढी राहिली होती. मुद्रणाचा हिरवा दिवा लागलेला. मध्ये गवारीचं ताट. शर्वरी समोर बसली, दोघींच्या मनगटांवर पट्टे.

"कसं चाललंय?" हेमलतांनी विचारलं.

"छान," शर्वरी म्हणाली. गेल्या तीन आठवड्यांत सगळ्या पोरी हेच म्हणत होत्या. छान. ठीक. काही विशेष नाही, मॅडम. खोलीतून बाहेर पडताना त्या आता दार अलगद ओढून घेत.

शर्वरीच्या पर्समध्ये फोन थरथरू लागला. ती थांबली. हेमलताही थांबल्या. तो वाजून वाजून बंद झाला. शर्वरीच्या पट्ट्यावर आकडा तिसाच्या आतच होता. एवढ्यात तिनं काहीतरी शिकून घेतलं होतं, श्वास कसा धरायचा ते, किंवा काहीच न वाटून कसं घ्यायचं ते.

हेमलतांनी शेंग उचलली आणि मोडली. बारीकसा आवाज झाला. लाल उजेड पडला तो ताटावर, शेंगांवर, त्यांच्या स्वतःच्या मनगटावरून.

शर्वरीनं तो आकडा वाचला. मग खूप दिवसांनी तिनं वर, हेमलतांच्या डोळ्यांत पाहिलं. तिच्या नजरेत राग नव्हता. काळजी होती, अगदी हेमलतांनीच शिकवलेली.

"मॅडम," तिनं हळूच विचारलं, "हे कुणाचं?"

हेमलतांनी हिरव्या दिव्याकडे पाहिलं.

"काही नाही गं," त्या म्हणाल्या. "शेंगा निवड."